तारखेची जागा

"मॅडम, राजा वारला आणि गादीवर त्याचा धाकटा भाऊ बसला, तर आधीच्या राणीला काय म्हणायचं? तिचं 'हर मॅजेस्टी' राहतं का जातं?"

तोंड ईराचं होतं, प्रश्न निकिताचा होता, आणि पैज होती भिंगारच्या बाजारातल्या गाडीवरच्या दोन प्लेट पाणीपुरीची. "विचारशील? बापूसाहेबांसमोर? जा गं, तुझ्यात तेवढा दम नाही," असं निकिता मागच्या बाकावरून पुटपुटली, आणि दम नाही म्हटल्यावर ईरा राशिनकर बसून राहील, ते दिवस आता गेले होते. दहावी अ च्या वर्गात तेव्हा चार खुर्च्या मांडल्या होत्या. तीन ऑफिसातल्या, गादीच्या. चौथी लाल, प्लास्टिकची, कॅन्टीनमधून उचलून आणलेली. मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब, उजवीकडे त्यांच्या पत्नी, डावीकडे मुख्याध्यापक, आणि लाल खुर्चीत, जरा मागे, वहिनीसाहेब. मागच्या वर्षीच्या वर्गभेटीत मधली खुर्ची वहिनीसाहेबांच्या यजमानांची, म्हणजे दादासाहेबांची होती, वहिनीसाहेब त्यांच्या शेजारी होत्या, आणि धाकटे भाऊ बापूसाहेब मोबाईल कानाला लावून दारात उभे होते. एप्रिलमध्ये दादासाहेब गेले. मे महिन्यात बापूसाहेब अध्यक्ष झाले. जूनमध्ये शाळेच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर वहिनीसाहेबांचा फोटो पासपोर्टएवढा झाला, ऑगस्टमध्ये स्टॅम्पएवढा, आणि दिवाळीच्या फ्लेक्सवर तो नव्हताच. हे सगळ्या शाळेला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी बोलत नव्हतं म्हणूनच ती पैज दोन प्लेटची होती. एरवी एका प्लेटीवर भागलं असतं.

सुद्रिक मॅडम फळ्याशी उभ्या होत्या, हातात खडू. ज्ञानेश्वरी सुद्रिक, इंग्रजीच्या. रोज मिरजगावहून एसटीनं नगरला यायच्या, दीड तास येताना, दीड तास जाताना. गावाकडची बोली त्यांनी कष्टानं कपाटात ठेवली होती, पण कपाटाचं दार नीट लागायचं नाही. घाईत असल्या की 'न्हाई' बाहेर यायचं, चिडल्या की 'व्हय' यायचं, आणि मग मागचे बाक खुसखुसायचे. इंग्रजी मात्र त्यांचं एकदम इस्त्रीचं. प्रश्न ऐकून त्यांनी एकदा ईराकडे पाहिलं. त्यांना पैज कळली होती का? ईरानं नंतर ती नजर इतक्यांदा आठवून पाहिली की आता तिला ती धड आठवेनाशी झाली होती, हाताळून हाताळून फोटोवरचा चेहरा पुसट व्हावा तशी. 'नंतर सांगते' म्हणता आलं असतं. 'अभ्यासक्रमात नाही' म्हणता आलं असतं, बाकीचे सर तेच म्हणतात. पण मॅडमच्या डोळ्यांत काहीतरी लखलखलं. चांगला प्रश्न आला की त्यांचं तसंच व्हायचं. मग समोर कोण बसलंय याचं भान राहायचं नाही. "राहतं," त्या म्हणाल्या. "हर मॅजेस्टी ती मरेपर्यंत हर मॅजेस्टीच. नव्या राजाची बायको नवी राणी होते, बरोबर आहे, मिरवणुकीत ती पुढे चालते. पण जुन्या राणीचा मान काढून घ्यायचा अधिकार कुणालाच नसतो. तो नवऱ्याच्या खुर्चीबरोबर जात न्हाई."

ते 'न्हाई' वर्गात पडलं, आणि कुणी हसलं नाही. लाल खुर्चीतल्या वहिनीसाहेबांनी पदर सारखा केला, खरं तर तो सारखाच होता, आणि खिडकीबाहेर सायकलींच्या शेडकडे पाहत राहिल्या. बापूसाहेब हसले. ते नेहमीच हसतात. "हुशार आहे पोरगी. कुणाची?" मुख्याध्यापक अर्धे उठले. "आपल्या राशिनकरांची, साहेब. हेडक्लार्क." "अस्सं. राशिनकरांची." आणि मग दारापर्यंत गेल्यावर, वळून, तितक्याच गोड आवाजात: "आणि मॅडमही हुशार आहेत." तो शुक्रवार होता, डिसेंबरची पाच तारीख. संध्याकाळी ईरानं दोन्ही प्लेट खाल्ल्या, निकिताला एकही पुरी दिली नाही, तिखट पाणी नाकात गेलं तेव्हा दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पुदिन्याची ती चव. पुढचा आठवडाभर ती चव अधूनमधून, काही कारण नसताना, गणिताच्या तासाला, आंघोळ करताना, जिभेच्या मुळाशी उगवायची आणि ईराला ओकारी यायची.

कारण सोमवारी मॅडम आल्या नाहीत. पहिला तास मोकळा, तिसराही मोकळा. शिपाई गहिनीनाथमामा नोटीस घेऊन आले तेव्हा निकितानं विचारलं, "मामा, सुद्रिक मॅडम आजारी आहेत का?" मामा नोटीस वाचून दाखवायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले. "न्हाई येनार आता त्या," ते म्हणाले. "राजीनामा दिलाय म्हनं. घरगुती कारन." मग कुणालाही उद्देशून नाही असं, जाता जाता, "आवो, शुक्रवारी जाताना स्टाफरूमच्या मडक्यातलं पानी बदला म्हनल्या मला, सोमवारी थंड पायजे म्हनल्या. अन् राजीनामा." ईरानं ते मडकं पाहिलं होतं. मॅडमनीच आणलं होतं, मिरजगावच्या बाजारातून, एसटीत मांडीवर धरून. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी गेली, तर ते होतं तिथेच, वर पेला पालथा, पाणी काठोकाठ.

स्नेहसंमेलनाला मॅडम एक इंग्रजी नाटुकलं बसवत होत्या आणि त्यात ईरा राणी होती. ईरा! जिचा आवाज आठवीपर्यंत हजेरी देतानासुद्धा घशात अडकायचा, जी 'प्रेझेंट' म्हणायला तोंड उघडायची आणि नुसती हवा बाहेर यायची. मॅडम शाळेत नव्या आल्या तेच ते वर्ष. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "काही बोलू नको. नुसती उभी राहा. दोन मिनिटं. राणी बोलत नसते, लोक वाट बघतात." ती दोन मिनिटं ईराच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब दोन मिनिटं होती, पण त्यानंतर कुणीतरी आत एक खिळा ठोकल्यासारखं झालं आणि त्या खिळ्याला ती स्वतःला टांगू शकली. यंदा सप्टेंबरात तिनं जिल्ह्यात वक्तृत्वाचा पहिला नंबर आणला. तेव्हापासून तिचं तोंड बंद होत नव्हतं, आई म्हणायची, रेडिओचं बटण तुटलंय. आणि त्याच तोंडानं. ईरा इथवर यायची आणि पुढचा विचार अर्धवट सोडून द्यायची, पायरी चुकल्यावर पाय मागे घ्यावा तसा.

नाटकापायी वर्गभेटीच्या त्या आठवड्यात मॅडमनी वर्गाला राजेरजवाड्यांचं इंग्रजी शिकवायला घेतलं होतं, अभ्यासक्रमात नसताना. राणीच्या तोंडावर 'युअर मॅजेस्टी'. ती समोर नसताना 'हर मॅजेस्टी'. राणीला 'यू' म्हणायचंच नाही. जेवलात का असं विचारायचंच नाही. युअर मॅजेस्टी जेवली का, असं विचारायचं, जणू समोर बाई नसून तिचा मान बसलाय आणि मानालाच भूक लागलीय. आणि एकदा 'युअर मॅजेस्टी' म्हणून झालं की त्यापुढे नुसतं 'मॅम', 'जॅम'सारखं आखूड, 'माम' नव्हे. "म्हणजे म्याडम म्हणलेलं चालंल का, म्याडम?" निकितानं विचारलं होतं, आणि मॅडम स्वतःच खळखळून हसल्या होत्या. राजाच्या मुलांना 'रॉयल हायनेस', ते एक पायरी खाली. ईराला हे सगळं फार आवडलं होतं. घरी येऊन तिनं आईला विचारलं, "युअर मॅजेस्टीनी चहा केला का?" आणि मग बाबांचा फोन वाजला होता, आणि बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले होते. पडद्यावर 'बापूसाहेब' आलं की बाबा उभे राहतात. समोर कुणी नसतं, फक्त टीव्ही असतो, बाबा टीव्हीसमोर ताठ उभे राहून म्हणतात, "हो साहेब. साहेबांना वाटेल तसं. साहेबांनी जेवण केलं का?" ईराला त्या दिवशी हसू फुटलं होतं. अगदी तस्संच! यू नाहीच! बाबांना न शिकवताच येत होतं. फक्त एका बाबतीत बाबा इंग्रजांच्याही पुढे होते. इंग्रजांकडे तोंडावरचा शब्द वेगळा आणि मागचा वेगळा. बाबांकडे मागे बोलायला शब्दच नव्हता. जेवताना, झोपताना, आईशी कुजबुजतानासुद्धा साहेबच. दार लावून, नळ सोडूनसुद्धा साहेबच.

मंगळवारी तिनं आईच्या मोबाईलवरून मॅडमना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी मोटार चालू करत होतं. "मॅडम, मी ईरा." मग मॅडम बोलल्या, आणि शाळेतलं बोलणं आता कशाला वापरायचं असं ठरवल्यासारख्या घरच्याच बोलीत बोलल्या. "बरी हाय गं मी. तू अभ्यास कर. बोर्डाचं वर्ष हाय." "मॅडम, माझ्या प्रश्नामुळे..." "प्रश्न चांगला हुता," मॅडम म्हणाल्या. "उत्तरबी बरोबर हुतं." आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या 'बरोबर हुतं'चं काय करायचं हे ईराला कळेना. कुणी भर रस्त्यात हातात काहीतरी जड देऊन निघून जावं, आणि ते खाली ठेवायला जागाच सापडू नये.

शनिवारी शाळा अर्धी. बाराला घंटा झाली की ईरा नेहमी ऑफिसात जाऊन बसते आणि बाबांबरोबर स्कूटरवर घरी जाते. ते ऑफिस तिचं लहानपणापासूनचं. गोंदाचा वास, पंख्याची कुरकुर, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर जुन्या नावावर नव्या नावाची पट्टी चिकटवलेली. बाबा कुठल्याशा कागदाच्या झेरॉक्स काढायला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले होते. काचेखालचे फोटो बघावेत तशी ईरा टेबलावर नजर फिरवत होती, आणि समोर उघड्या फायलीत मॅडमचं अक्षर दिसलं. गोल, एकेक अक्षर सुटं, ओळीवर पाय टेकून उभं. 'वैयक्तिक कारणास्तव मी आजपासून माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. तो मंजूर व्हावा.' खाली सही. आणि उजव्या कोपऱ्यात, 'दिनांक' या शब्दापुढे: १ डिसेंबर. तो शब्द मॅडमचा होता. तारीख मॅडमची नव्हती. मॅडमची शाई जुनी होऊन विटकरी पडली होती, तारखेची शाई काळीभोर. आणि 'डिसेंबर'चा तो 'ड', शेपटी जरा लांबवून वर वळवलेली; तो 'ड' ईरा दर जूनला बघत आली होती, पहिलीपासून, खाकी कव्हर घातलेल्या प्रत्येक वहीच्या लेबलवर. 'इयत्ता', 'तुकडी', 'भिंगार कॅम्प'. भिंगार कॅम्पला 'ड' नसतो. पण 'तुकडी'त असतो. दहा वर्षांत बाबांनी तिच्यासाठी असे किती 'ड' काढले असतील. ती त्या 'ड'च्या शेपटीवरून बोट फिरवायची, जिन्याच्या कठड्यावरून घसरावं तसं.

आणि मग दुसरं काहीतरी आठवलं, जे ती विसरली नव्हती, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसली होती. दिवाळीच्या सुट्टीत बाबा तिला ऑफिसात आणायचे. शाळा रिकामी, पिंपळाची पानं वाजतात तेवढाच आवाज. बाबा लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडून एक जाड फाईल तिच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आडनावांप्रमाणे लाव बघू. अ, आ, इ." सगळे कागद एकसारखे, सगळ्यांवर तेच एक वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत, आणि कुणाच्याच कागदावर तारीख नाही. "बाबा, सगळे विसरले का तारीख घालायला?" तिनं विचारलं होतं, आठ वर्षांची असेल. "विसरले नाहीत. जागा सोडलीय," बाबा म्हणाले होते. "नोकरीला लागतानाच लिहून घेतात. लागली तर घालतात तारीख." "कोण घालतं?" बाबांनी तेव्हा तिला खिशातली श्रीखंडाची गोळी दिली होती. ती फाईल लावायला तिला इतकं आवडायचं! मुळाक्षरं तिची अशीच पाठ झाली. 'य' च्या पुढे 'र' येतो हे तिला त्या फायलीनं शिकवलं. आठवीच्या दिवाळीत नवा कागद आला होता, गोल अक्षराचा, आणि मॅडमचं अक्षर ओळखून ती आनंदून म्हणाली होती, "बाबा, आमच्या नव्या मॅडम!" आणि तो कागद तिनं स्वतःच्या हातानं 'सा' आणि 'सो' यांच्या मधे नीट सरकवून ठेवला होता. तीन वर्षं भरली की मॅडम कायम होणार होत्या. येत्या जूनमध्ये भरत होती.

बाबा आले, त्यांनी फाईल बंद केली. ईरानं पाहिलंय हे त्यांना दिसलं का? त्यांनी फूटपट्टी उचलून फायलीवर ठेवली, मग पुन्हा उचलून जागेवर ठेवली. "चल," म्हणाले. स्कूटरवर ती मागे बसली. भिंगारच्या रस्त्याला लागल्यावर लष्कराच्या हद्दीतली झाडं सुरू होतात, सगळ्यांची खोडं सारख्या उंचीपर्यंत चुन्यानं आणि गेरूनं रंगवलेली, सगळी सावधान उभी. एरवी ईरा बाबांच्या पाठीला गाल टेकवते. आज तिनं मधे दप्तर ठेवलं. शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग होता, डिसेंबरात, तो वाढत होता. एक तारीख का? हा प्रश्न तिच्या डोक्यात चाकाबरोबर फिरत होता. मॅडमना काढायचं ठरलं शुक्रवारी, पाचला. मग आठ का नाही? सहा का नाही? आणि अचानक, कँटोन्मेंटच्या नाक्यापाशी, बाबांनी गाडी हळू केली तेव्हा तिला कळलं. एकला राजीनामा, पाचला प्रश्न. कागद सांगत होता की मॅडम आधीच गेल्या होत्या. कागद सांगत होता की ईरानं काही केलं नाही. जगातल्या कुठल्याही चौकशीत, कुठल्याही साहेबापुढे, हा कागद ठेवला की राशिनकरांची मुलगी निर्दोष. आठवडाभर तिला हेच तर हवं होतं. कुणीतरी म्हणावं, बाळा, तुझ्यामुळे नाही गं. आता ते लिहून मिळालं होतं, काळ्याभोर शाईत, आणि पुदिना थेट नाकापर्यंत चढला.

घरी आईनं पानं वाढली होती. लीना राशिनकर बँकेत कॅशियर होती, दुसरा शनिवार तिला सुट्टीचा, म्हणून वरणफळं. ईरा हात धुऊन आली ती इंग्रजीची वही घेऊनच आली.

"जेवताना वही नको," आई म्हणाली.

"बाबा, मॅडमनी राजीनामा कधी दिला?"

बाबांनी वरणफळाचा तुकडा मोडला. "एक तारखेला."

"आजपासून असं लिहिलंय त्यात."

"तू ऑफिसातले कागद वाचतेस?"

"तुम्हीच शिकवलंत." ईरानं वही ताटाशेजारी उघडली. मॅडमची एक खोड होती. त्या रोज वही बघायच्या, एक ओळ असली तरी, आणि सहीखाली तारीख घालायच्या. निकितानं एकदा विचारलं होतं, रोज रोज तारीख कशाला, मॅडम, आम्हाला माहितीय की आज काय वार आहे. तेव्हा मॅडम हसल्या नव्हत्या. म्हणाल्या होत्या, "सहीखाली तारीख आपली आपण घालावी. मी एकदा घातली नव्हती." कुणाला काही कळलं नव्हतं. "हे बघा. दोन डिसेंबर, 'युअर मॅजेस्टी', सही. तीन डिसेंबर, 'हर मॅजेस्टी', सही. चार डिसेंबर, 'रॉयल हायनेस', सही. इथे 'मॅम'चं स्पेलिंग मी चुकवलंय, ते लाल शाईनं दुरुस्त केलंय. एकला राजीनामा दिलेली बाई चारला माझं शुद्धलेखन कशाला तपासेल, बाबा?"

बाबांनी वही जवळ ओढली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. हेडक्लार्कची नजर होती ती. मजकुरावर थांबलीच नाही, थेट पानाच्या तळाशी गेली, एक पान, दुसरं, तिसरं. बाबा आधी रागावले नाहीत, आधी त्यांना लाज वाटली, बावीस वर्षांत कागदात चूक न राहिलेल्या माणसाला वाटते तशी. "मस्टर मी नवीन लिहिलं," ते हळू म्हणाले. "वेळापत्रकाची नोंद बदलली. वह्या..." ते थांबले. "वह्यांचं लक्षातच आलं नाही."

"किती जणांच्या वह्या आहेत?" आईनं विचारलं. बँकेतल्यासारखं.

"बेचाळीस," ईरा म्हणाली.

"साहेबांनी फक्त एवढंच सांगितलं, भेटीच्या आधीची टाका," बाबा म्हणाले. ते वहीशीच बोलत होते. "चारही चालली असती. पण चार फार जवळ वाटली. पोरीच्या प्रश्नानं बाईची नोकरी गेली असं उद्या कुणी म्हणू नये. म्हणून मी एक टाकली. तुझ्यापासून जरा लांब." आणि मग, पहिल्यांदाच वर बघून: "तुझ्यासाठी, ईरा."

हे ऐकायला ती तयार नव्हती. बाबा ओरडतील, हात उगारतील, साहेबांच्या बाजूनं भांडतील, या सगळ्याची उत्तरं तिनं स्कूटरवर जुळवली होती, जिल्ह्यात पहिल्या आलेल्या मुलीसारखी, मुद्देसूद. पण बाबा तिच्याकडे तसे बघत होते, जसे ते वह्यांना कव्हर घालून झाल्यावर बघायचे, आवडलं का? तिनं तोंड उघडलं, तर तोच आवाज. आठवीतला, जुना, नुसती हवा. ती वरणफळाच्या वाफेकडे बघत राहिली. दोन मिनिटं. नुसती उभी राहा, लोक वाट बघतात.

"हे बघ," आई म्हणाली, आणि आईचा आवाज फार मऊ झाला, म्हणजे ती घाबरली होती. "तुझं बोर्डाचं वर्ष आहे. बाबांची सहा वर्षं राहिलीत. ही वही कपाटात ठेव. सुद्रिक मॅडम तरुण आहेत, त्यांना दुसरीकडे लागेल. आणि बाबांचाही कागद त्याच फायलीत आहे, हे माहितीय ना तुला?"

"माहितीय," ईरा म्हणाली. "मीच लावलाय. 'य' नंतर. 'रा'मध्ये."

बाबांचा हात ताटात तसाच राहिला. खालच्या रस्त्यावरून लष्कराचा ट्रक गेला, मांडणीतले डबे थरथरले आणि थांबले. टेबलावर बाबांचा मोबाईल उजळला, वाजला, पडद्यावर तेच नाव आलं, आणि बाबांचे गुडघे आपोआप हलले. ईरानं पाहिलं, आईनं पाहिलं, बाबांनीही पाहिलं की त्या दोघींनी पाहिलंय. ते अर्धवट उठलेले, उष्टा हात हवेत. फोन वाजत राहिला. ते तसेच, ना बसलेले ना उभे. मग फोन थांबला.

"उद्या रविवार आहे," ईरा म्हणाली. आवाज परत आला होता, पण वक्तृत्वाचा नव्हता; हा अगदी बारीक होता, आणि तिला तो बदलावासा वाटला नाही. "माळीवाड्याहून सकाळी सोलापूरची एसटी आहे, ती मिरजगावला थांबते. मी ही वही मॅडमना देऊन येणार. त्यांना जिथे दाखवायची तिथे त्या दाखवतील. आणि त्यांनी विचारलं, त्या कागदावर तारीख कुणी घातली, तर तेही मी सांगणार, अक्षर मला ओळखू येतं म्हणून सांगणार." ती थांबली. वही मिटली, कव्हरवरच्या लेबलवर हात ठेवला. "ते तुम्ही स्वतः सांगणार असाल बाबा, तर मी दोन तिकिटं काढेन."